अर्धी शाई छापता येत नाही

घरगुती इंकजेट छपाईयंत्रात राखाडी शाई सहसा नसतेच. तरीही संध्याकाळच्या आकाशाचे छायाचित्र छापले, की क्षितिजावरचा उजेड हळूहळू गडद होत वर चढलेला दिसतो. थेंब कागदावर एक तर पडतो किंवा पडत नाही; मग मधल्या छटा येतात कोठून? हा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे, आणि महाराष्ट्रात तो मळवलीच्या दगडांवर सुटलेला होता.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. काही वर्षांतच तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. शिळाछपाईत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने रेखाटतात. दगड ओला केला, की तेलकट भाग छपाईची शाई धरतो आणि ओला भाग ती नाकारतो. धरणे आणि नाकारणे यांच्यामध्ये तिसरी अवस्था नाही. त्यामुळे लक्ष्मीच्या गालावरची सावली कारागिरांना ठिपक्यांनीच घडवावी लागे: उजेडात विरळ, छायेत दाट, आणि तेही प्रत्येक रंगाच्या वेगळ्या दगडावर. एखादे जुने चित्र भिंगाखाली धरून पाहावे. ठिपके रांगेत उभे नसतात. गालाच्या गोलाईप्रमाणे हात जसा वळला तसे ते विखुरलेले असतात. चित्राखाली रविवर्मांचे नाव असे. ठिपके टाकणाऱ्यांचे सहसा नसे, आणि मला तरी हा अन्याय वाटतो. कारण त्या विखुरण्यातच पुढच्या शतकाने शोधलेले मर्म होते.

हे हातकाम हाफटोन पद्धतीने मागे टाकले. जर्मनीत गेओर्ग मायझेनबाख याने १८८२ मध्ये तिचे पेटंट घेतले. बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून छायाचित्र घेतले, की सलग छटांचे लहानमोठे ठिपके आपोआप होतात. आपल्याकडे ही विद्या आत्मसात करणाऱ्यांत दादासाहेब फाळके होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केले, स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाई शिकण्यासाठी जर्मनी गाठली. चित्रपट त्यानंतरचा. त्याच सुमारास कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी याच जाळीच्या गणितावर ‘पेनरोज’ या इंग्लंडमधील मुद्रणवार्षिकात लेख लिहीत होते.

वेग मिळाला, पण ठिपके शिस्तीत आले, आणि डोळा शिस्त चटकन पकडतो. दोन रंगांच्या जाळ्यांचे कोन जरा चुकले, तर कागदावर नको असलेली नक्षी उमटते. संगणकीय छपाईत हीच जाळी चौकोनी घरांच्या रूपाने परतली. इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या यंत्रात ८ × ८ ठिपक्यांचे घर धरले, तर कोऱ्या कागदासह ६५ छटा मिळतात. पण इंचाला घरे उरतात अवघी ७५. छटा वाढवाव्यात तर बारकावे जातात.

सुटका झाली ती शिस्त मोडून. लॉरेन्स रॉबर्ट्स याने १९६२ मध्ये दाखवले, की चित्रात मुद्दाम थोडा यादृच्छिक गोंधळ मिसळला, तर मोजक्याच छटांतूनही सलगपणाचा भास होतो. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची रीत अधिक हिशेबी होती. समजा, एका जागी ४० टक्के काळेपण हवे आहे. तेथे कागद कोरा सोडला, तर ४० ची उधारी राहते. ती शेजारच्या चार जागांना ७, ३, ५ आणि १ सोळांश अशी वाटून द्यायची. पुढे कोठेतरी ठिपका पडतो आणि हिशेब जुळतो. मात्र या रीतीत फिक्या भागांत अळ्यांसारख्या ओळी उमटत. रॉबर्ट उलिचनी याने १९८० च्या दशकात त्यावरचा निकष मांडला: ठिपके अनियमित असावेत, पण एकमेकांपासून शक्य तितके दूर. मळवलीचा हात हेच करीत होता, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

इंकजेटमध्ये तरीही एक अडचण उरली. अगदी फिक्या जागी एकटा गडद थेंब डोळ्याला कणासारखा टोचतो. म्हणून १९९० च्या दशकात छायाचित्रांच्या यंत्रांत फिकी निळी आणि फिकी किरमिजी शाई आली, आणि थेंब लहान होत काही पिकोलिटरांवर आले. आता नाजूक जागा आहे ती फिक्या शाईकडून गडद शाईकडे जाण्याची. फिकी शाई एकदम थांबवून गडद सुरू केली, तर आकाशात पट्टा दिसतो. म्हणून फिके थेंब दाट असतानाच गडद थेंब अगदी विरळ पेरायला सुरुवात करतात.