तेलसाठा व तेलबदलाची मुदत
अंतर्ज्वलन एंजिनाच्या तेलपात्रात वंगणतेलाचा साठा जितका मोठा, तितकी दट्ट्याच्या कड्यांवरून खाली झिरपणारी काजळी, आम्ले, पाणी व न जळलेले इंधन त्यात अधिक विरल होतात, आणि आम्लनाशक व झीजरोधक पुरके सावकाश खर्ची पडल्यामुळे तेलबदलाची मुदत लांबते. फोक्सवॅगन बीटल या मोटारीच्या वायुशीतित एंजिनात अवघे २.५ लिटर तेल असे, व तेही केवळ जाळीतून गाळले जाई. साहजिकच ते दर ५,००० किमी.ला बदलावे लागे. याउलट तिसाहून अधिक लिटर तेल सामावणाऱ्या अवजड मालमोटारींत ही मुदत कित्येक पटींनी मोठी असते. मात्र मापकांड्यावरील कमाल खुणेपलीकडे तेल भरून मुदत वाढविणे सर्वथा घातक होय. कारण फिरत्या भुजादंडाने घुसळलेले तेल फेसाळते व वंगणाचा दाब ढळतो.