वात म्हणून सोडून दिलेलं दुखणं

आमच्या मराठवाड्यात सांधा दुखला की त्याला एकच नाव असतं, वात. म्हाताऱ्याचा गुडघा धरला, वात. बाईची बोटं सकाळी आखडली, वात. पोराच्या पिंढऱ्या रात्री ठणकायला लागल्या तरी घरातली आजी म्हणणार, "वाताचंच आहे ते, निरगुडीचा पाला शेकून बांधा." मी वैद्य नाही. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण एखादा शब्द फार मोठा झाला की त्याच्या पोटात काय काय दडून बसतं, हे पाहायची सवय त्या नोकरीनंच लावली.

जुन्या वैद्यांनी असं सगळं एका पोत्यात भरलं नव्हतं बरं का. चरकसंहितेत वातव्याधी वेगळा आणि वातरक्त वेगळं, दोन्हींचे स्वतंत्र अध्याय आहेत. पुढे माधवनिदानात आमवाताचं वेगळं वर्णन आलं. हे भेद ग्रंथात राहिले आणि लोकांच्या तोंडी नुसता 'वात' उरला. आज त्या शब्दाआड लपलेल्या एका आजाराचा इतिहास सांगायचा आहे. तो दुखतो सांध्यांत आणि हाडांत, कधी कधी दिसतो कातडीवर, आणि असतो मात्र रक्तात. त्याचं नाव सिकलसेल.

गोष्ट सुरू होते आपल्यापासून फार लांब, अमेरिकेतल्या शिकागो शहरात. १९०४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा विशीतला कृष्णवर्णी तरुण तिथे दंतवैद्यकी शिकायला गेला. चांगल्या खात्यापित्या घरचा. येताना बोटीवरच त्याच्या घोट्यावर एक जखम झाली होती. पायांवर जुन्या व्रणांचे वणही होते. डिसेंबरात त्याला छातीच्या त्रासासाठी इस्पितळात ठेवलं. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तांबड्या पेशी नेहमीसारख्या गोल नव्हत्या. लांबट, बाकदार, चक्क विळ्यासारख्या होत्या. त्याचे वरिष्ठ होते डॉ. जेम्स हेरिक. (हे गृहस्थ डॉक्टर होण्याआधी काही काळ शाळामास्तर होते, म्हणून मला जरा जास्तच जवळचे वाटतात!) दोघांनी पुढली काही वर्षं नोएलवर लक्ष ठेवलं आणि १९१० साली हेरिकनी ही हकीकत छापली.

या हकीकतीतली एक बारीकशी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या वर्षांत नोएल पुन्हा पुन्हा आजारी पडला, तेव्हा त्याच्या दुखण्याला जी नावं दिली गेली त्यांत एक होतं पित्ताचा त्रास आणि दुसरं स्नायूंचा संधिवात. म्हणजे बघा, जगातल्या या पहिल्या नोंदलेल्या रुग्णाच्या कपाळीसुद्धा वातच आला. पायावर व्रण, अंगात वात, रक्तात विळे... तिन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, पण त्यांना जोडणारा धागा अजून कुणाच्या हाती लागला नव्हता. नोएल शिक्षण पुरं करून आपल्या बेटावर परतला, तिथे दाताचा दवाखाना चालवला आणि १९१६ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, न्यूमोनियानं गेला. हेरिकनी त्याचं नाव छापलं नव्हतं. ते जगाला कळलं १९८९ साली, दोन संशोधकांनी जुनी कागदपत्रं धुंडाळल्यावर.

शास्त्राला १९१० साली जे दिसलं ते आफ्रिकेतल्या लोकांना मात्र कधीचं माहीत होतं. घानामधले डॉ. कोनोटे-अहुलू यांनी दाखवून दिलं की तिथल्या निरनिराळ्या भाषांत या आजाराला स्वतःची नावं आहेत. गा भाषेत त्याला 'च्वेच्वेच्वे' अशासारखं काहीतरी म्हणतात. एकच अक्षर पुन्हा पुन्हा, जसं दुखणं पुन्हा पुन्हा येतं तसं. आपल्या स्वतःच्या घराण्यात हा आजार त्यांनी थेट १६७० पर्यंत मागे शोधला. भाषेच्या मास्तराला याचा हेवा वाटणारच. त्या लोकांनी दुखण्याला त्याचं स्वतःचं नाव दिलं, म्हणून ते पिढ्यांपिढ्या ओळखता आलं.

असो. पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, विजेच्या प्रवाहात ते वेगळ्या गतीनं सरकतं. काही वर्षांनी व्हर्नन इंग्रॅमनं नेमकी चूक कुठे आहे ते शोधलं. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ दुवे असतात, त्यांतला फक्त सहावा दुवा बदललेला! एवढ्या लांब वाक्यात एकच शब्द बदलावा आणि अर्थाचा अनर्थ व्हावा, तसं. शरीरात पाणी कमी झालं, थंडी वाजली, ताप आला, दमछाक झाली, की हे हिमोग्लोबिन गोठल्यासारखं होतं आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि हाडं, सांधे, छाती, पोट असं काहीही असह्य दुखू लागतं. तान्ह्या मुलांच्या हातापायांचे पंजे सुजतात. तरुण वयात खुब्याचं हाड झिजून माणूस लंगडू लागतो. घोट्याजवळ न भरणारे व्रण होतात, आपल्याकडच्या रुग्णांत ते कमी दिसतात इतकंच. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. मग कुणी कावीळ उतरवायला नेतो, कुणी वाताचा काढा देतो, कुणी रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या देतो. प्रत्येकजण एकेक लक्षण धरतो आणि आजार मोकळाच राहतो.

आता आपल्या घराकडे येऊ. भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्ये विळ्याच्या पेशी सापडल्या. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातली नोंद प्रसिद्ध केली. नंतर पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षं फिरून रक्त तपासलं. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००२ सालच्या त्यांच्या अभ्यासात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार हे जिल्हे सगळ्यांत जास्त रुग्णांचे म्हणून पुढे आले. जमातींमध्ये भिल्ल, पावरा, माडिया, प्रधान यांच्यात प्रमाण मोठं. पण हा फक्त आदिवासींचा आजार नव्हे. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही आहे.

या यादीत नांदेड नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटेल. पण नकाशा उघडून बघा. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ आणि अलीकडे आमचे किनवट, माहूर. गोंड, प्रधान, कोलाम, आंध हे लोक नदीच्या दोन्ही तीरांवर राहतात. सोयरीक करताना कोण जिल्हा विचारतो? किनवट तर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या वेळेपासून आदिलाबाद जिल्ह्यात होतं. राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडलं गेलं. कागदावर मराठवाडा, पण सागवानाचं जंगल, माणसं आणि रोगराई गोंडवनाची.

आणि तापाची! हा जुना हिवतापाचा मुलूख. त्याचा या कथेशी थेट संबंध आहे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञानं दाखवलं की ज्याच्याकडे आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला असतो, त्याला मारक हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणजे जंगलातल्या ज्या तापानं लेकरं दगावत, त्याच तापातून या वाहक मुलांचा जीव वाचे आणि ती पुढे आपला वारसा देत. हा दोष म्हणजे कुणाच्या पापाचं फळ नाही की कुणाच्या जातीवरचा डाग नाही. पूर्वजांनी हिवतापाला तोंड देऊन जगल्याची ती खूण आहे. इतिहास शिकवताना मला हे माहीत असतं तर एक अख्खा तास यावरच घेतला असता.

मी किनवट भागात १९७० च्या दशकात नोकरीला होतो. मुदखेडहून मीटरगेजची गाडी रखडत यायची. वर्गात दरवर्षी एखाददुसरं मूल असं असायचं की थंडी पडली किंवा पावसात भिजलं की आठवडाभर गैरहजर. विचारलं तर, "गुरुजी, हाडं दुखतात." डोळे पिवळसर, अंगानं किरकोळ. त्यांना काय होतं हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही, तपासणी कुणाची झाली नव्हती. त्या वेळी गावपातळीवर अशी तपासणीच नव्हती.

निवृत्तीनंतर मी लातूरला आलो. इथे अकरावी-बारावीच्या शिकवण्यांसाठी सगळ्या मराठवाड्यातून मुलं येतात. 'लातूर पॅटर्न'चं नाव आपण ऐकलंच असेल. किनवटकडचा माझा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःच शिक्षक, आपल्या मुलीला इथे वसतिगृहात ठेवून गेला. डिसेंबरात तिची मांडी आणि पाठ इतकी दुखू लागली की पोर रात्रभर तळमळायची. एकानं वाताच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं अभ्यासाचा ताण म्हटलं. तिसरीकडे एका डॉक्टरीणबाईंनी औषध लिहायच्या आधी एक प्रश्न विचारला, "गाव कोणतं गं तुझं?" किनवट म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि रक्त तपासायला लावलं. निदान झालं. मुलगी औषधांवर आहे, शिकते आहे. तिचा बाप मला फोनवर म्हणाला, "गुरुजी, माझा थोरला भाऊ असाच ओरडत गेला. आम्ही वात म्हणत होतो." यावर मी काय बोलणार?

लातूर-धाराशिवच्या बाजूला हा आजार क्वचित. इथल्या डॉक्टरच्या मनात तो चटकन येत नाही, आणि त्यात त्याचा दोष तरी काय? इथल्या सांधेदुखीत झीज असते, आमवात असतो, लहान मुलांत घसा दुखून गेल्यावर येणारा आणि हृदयाला धोका करणारा सांधेताप असतो. प्रत्येकाचं औषध निराळं. पण माणसं आता एका जागी राहत नाहीत. ऊसतोडीला जातात, शिकायला जातात, आणि रक्त सोबत नेतात. म्हणून मला वाटतं, पेशंटचं गाव आणि घराणं विचारणं ही चौकशी नव्हे, तो निदानाचा भाग आहे.

तपासणी तशी सोपी आहे. एका नळीत रक्ताचा थेंब टाकतात. मिश्रण गढूळ होऊन मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर शंका घ्यायची आणि पक्क्या निदानासाठी पुढची चाचणी करायची. औषधही आहे. हायड्रॉक्सियुरियानं दुखण्याचे झटके कमी होतात, हे १९९५ साली सिद्ध झालं. डॉक्टरांच्या देखरेखीत ते घ्यायचं, फॉलिक अ‍ॅसिड घ्यायचं, पाणी भरपूर प्यायचं, थंडी सांभाळायची आणि ताप अंगावर काढायचा नाही. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. किंमत सुमारे २२ लाख डॉलर! आपल्या पाड्यावर तो कधी पोचेल ते पोचो, पाण्याची बाटली आणि गोळी तरी आज पोचू शकते.

सरकारी काम झालं नाही असं नाही. महाराष्ट्रात २००८-०९ पासून काही जिल्ह्यांत नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय मोहीम निघाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. तपासलेल्यांना रंगीत कार्डं मिळतात, लग्न जमवताना ती जुळवून पाहावीत असा हेतू.

इथे मात्र माझ्या मनात एक भीती आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात अशीच तपासणीची लाट आली. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे नीट न समजावताच चाचण्या झाल्या आणि धडधाकट माणसांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा महाग झाला. आपल्याकडे ते कार्ड मुलीच्याच पदरात पडेल. मुलगा वाहक असेल तर कार्ड ट्रंकेत, मुलगी वाहक असेल तर गावभर चर्चा! खरं गणित असं आहे. एकच वाहक असेल तर मुलांना आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक धोका असतो. आणि हा हिशोब दर वेळी नव्यानं होतो. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असं नसतं. नाण्याला आधीची फेक आठवत नाही.

एवढं गणित सातवीच्या मुलालाही समजतं. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन. आपल्याकडे शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, पुस्तकांना कव्हरं घालणं चाललेलं असतं. किनवट-माहूरकडच्या माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती, त्या दिवशी एक तास यासाठी द्या. फळ्यावर एक गोल काढा, शेजारी एक विळा काढा. "माझी हाडं दुखतात" म्हणणारं मूल वर्गात असेल, तर त्याला कळू द्या की त्याच्या दुखण्याला स्वतःचं नाव आहे आणि औषधही आहे.