हुन्नर हातात असतो, रक्तात नाही!

पावणे एमआयडीसीसारख्या ठिकाणी छोट्या गाळ्यात घडलेली घराच्या नावाची लाकडी पाटी किंवा किल्ल्या अडकवायची फळी 'पारंपरिक हस्तकला' म्हणून भेटीदाखल दिली जाते. आम्ही विचारतो, या परंपरेने कारागिराला काय दिले?

गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. नांगर, तिफण, बैलगाडी त्यानेच घडवायची. मोबदला म्हणून सुगीला मिळेल ते धान्य. महारांच्या वाट्याला तर करवतही नव्हती. होती वतनाच्या नावाखालची वेठबिगार. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ उजाडले. जन्माने धंदा ठरला की माणसाची आवड आणि कुवत दोन्ही मारली जातात, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडले होते.

आता २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना पाहा. १८ व्यवसाय, त्यात सुतार आणि खेळणी करणारेही. अवजारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजाने कर्ज. कारागिराला ही मदत मिळालीच पाहिजे. योजना जातीचा दाखला मागत नाही, हेही खरे. पण 'कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय' ही तिची भाषा कोणत्या व्यवस्थेतून आली?

आमची मागणी साधी आहे. सुताराच्या मुलाला करवत सोडण्याचे आणि आमच्या मुलीला ती हाती धरण्याचे सारखेच स्वातंत्र्य हवे. वस्तूचे कौतुक करणाऱ्यांनी कारागिराच्या मजुरीत घासाघीस करू नये.

जय भीम!