पोत्यावरचे नाव

काही पदार्थ आपला स्वभाव आपणच सांगून टाकतात. पेट्रोलचा वास आला की माणूस हातातली विडी विझवतो. तेजाबाचा एक थेंब अंगावर पडला की पुन्हा कोणी बजावण्याची गरज राहत नाही. अमोनियम नायट्रेट नावाच्या रसायनाचे तसे नाही. दिसायला ते मिठासारखे पांढरे. त्याला वास नाही, हाताला चटका नाही. पाण्यात टाकले तर ते चटकन विरघळते आणि भांडे उलट गार पडते. ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञाने १६५९ साली ते प्रथम तयार केले. पुढे विसाव्या शतकात हवेतील नत्र बांधून ठेवण्याची युक्ती माणसाला साधली आणि या पांढऱ्या दाण्यांचे डोंगर उभे राहू लागले. शेतकरी त्याला खत म्हणून ओळखतो. खाणीत काम करणारा सुरुंगाचे साहित्य म्हणून ओळखतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांत या पदार्थापायी ज्या मोठ्या दुर्घटना घडल्या, त्यांचा इतिहास चाळला तर असे आढळते की, पोत्यावर यांपैकी कोणते नाव लिहिले आहे आणि ते कोणाच्या वाचनात आले आहे, यावर शेकडो माणसांचे जगणे-मरणे ठरत आले. त्या इतिहासाचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

आधी या पदार्थाचे शास्त्र थोडक्यात पाहू. लाकूड, कापूस किंवा तेल जळते ते हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने. म्हणूनच पेटलेल्या वस्तूवर घोंगडी टाकली, दार लावून घेतले, की आग गुदमरते. अमोनियम नायट्रेट हे स्वतः सहसा जळत नाही. पण प्राणवायूचा साठा त्याच्या घडणीतच असतो, आणि शेजारच्या जळाऊ वस्तूंना ते तो मुक्त हस्ताने पुरवते. अशा आगीला घोंगडीचा किंवा बंद दाराचा धाक नसतो. सुमारे १७० अंश उष्णतेला हे दाणे वितळतात आणि त्यापुढे त्यांचे विघटन होऊन वायू सुटू लागतात. त्या वायूंना वाट मिळाली आणि उष्णता निघून गेली, तर प्रकरण तेथेच थांबण्याचा संभव असतो. वाट मिळाली नाही, दाब वाढत गेला, त्यात तेल, कागद, भुसा असे काही मिसळलेले असले, तर स्फोट होतो. यावरून दोन नियम निघतात. आग लहान आहे तोवर दुरून भरपूर पाणी मारून माल थंड करावा. आणि त्याला कधीही कोंडू नये. हे दोन नियम पोस्टकार्डावर मावतील इतके लहान आहेत. परंतु ज्यांना त्यांची गरज होती त्यांच्या हाती ते पोस्टकार्ड वेळेवर पडले नाही, हीच या इतिहासातील खरी शोकांतिका होय.

या प्रकरणातील पहिला मोठा धडा जर्मनीत मिळाला. ऱ्हाइन नदीकाठच्या ओपाउ येथील कारखान्यात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांचे मिश्र खत तयार होत असे. साठवणीच्या कोठारात हजारो टन खताचा ढीग पडून पडून दगडासारखा घट्ट होई. तो कुदळींना दाद देईना, म्हणून त्यात लहान लहान सुरुंग लावून तो फोडण्याची वहिवाट पडली. हे मिश्रण ठरावीक प्रमाणात असले तर स्फोट पावत नाही, असे चाचण्यांवरून दिसले होते, आणि हजारो वेळा सुरुंग उडवूनही काही विपरीत घडले नव्हते. दरम्यान खत वाळवण्याची पद्धत मात्र बदलली होती. २१ सप्टेंबर १९२१ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास नेहमीप्रमाणे सुरुंग उडाला आणि त्याबरोबर कोठारही उडाले. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि कोठाराच्या जागी सुमारे शंभर मीटर रुंद खड्डा उरला. ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा कालच्या मालाचा होता. आजचा माल वेगळा असू शकतो, हे विचारात घेतले गेले नाही.

मुंबईकर श्रोत्यांच्या मनात या ठिकाणी १४ एप्रिल १९४४ हा दिवस उभा राहिला असेल. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच्या सोबतीला कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गासड्या होत्या. हा माल अमोनियम नायट्रेटचा नव्हता. परंतु पुढे अमेरिकेत जे घडले त्याच्याशी त्याचे साम्य इतके आहे की, दोन्ही घटना शेजारी ठेवूनच वाचाव्यात. दुपारी धूर दिसला. बंबवाले धावून आले आणि त्यांनी पाण्याचा मारा सुरू केला. जहाज बाहेर समुद्रात न्यावे की जागीच बुडवावे, याचा निर्णय वेळेत झाला नाही. चार वाजून गेल्यावर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. शेकडो नागरिक प्राणास मुकले. कर्तव्यावर असलेले ६६ अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १६ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेतील टेक्सस सिटी या बंदरात ‘ग्राँकाँ’ या फ्रेंच जहाजाला आग लागली. तळघरात सुमारे २,३०० टन अमोनियम नायट्रेट भरले होते. युद्धकाळात दारूगोळ्यासाठी उभारलेल्या कारखान्यांतून ते खत म्हणून युरोपातील उजाड शेतांकडे निघाले होते. दाणे गोळा होऊ नयेत म्हणून त्यांवर मेणासारख्या जळाऊ द्रव्याचे लेपन केलेले होते, आणि पोती कागदाची होती. पोत्यांवर खत असे नाव होते. आगीजवळ हा पदार्थ काय करतो, याचा इशारा नव्हता. सकाळी आठच्या सुमारास धूर दिसताच कप्तानाने पाणी मारण्यास मनाई केली, कारण माल भिजून खराब झाला असता. तळघराची झाकणे घट्ट लावण्यात आली आणि आग गुदमरावी म्हणून आत वाफ सोडण्यात आली. कापसाच्या जहाजावर हा उपाय कदाचित शहाणपणाचा ठरला असता. येथे मात्र ज्याला प्राणवायूची ददात नाही त्या पदार्थाला कोंडले गेले आणि वाफेने आणखी तापवले गेले. जहाजातून नारिंगी रंगाचा धूर निघू लागला. हा धूर म्हणजे विघटनाची खूण आणि पळून जाण्याची सूचना. परंतु त्याचा रंग पाहण्यासाठीच धक्क्यावर लोक जमले. नऊ वाजून बारा मिनिटांनी जहाज फुटले. त्या लहानशा शहराच्या स्वयंसेवी अग्निशामक दलातील २८ पैकी २७ जण गेले. त्याच रात्री, मध्यरात्रीनंतर, शेजारचे ‘हाय फ्लायर’ हे जहाजही त्यातील अशाच मालासह फुटले. मृतांचा आकडा निदान ५८१ धरला जातो.

कप्तान मूर्ख नव्हता, आणि त्याच्या मनात कोणाचे वाईटही नव्हते. पोत्यावर जे नाव होते त्या नावाला साजेसे तो वागला. खताचे जहाज पेटले तर खत वाचवावयाचे, हाच विचार त्याच्या मनात आला. पुढे मृतांच्या नातलगांनी सरकारवर दावे लावले. १९५३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी ते फेटाळले. १९५५ साली कायदेमंडळाने वेगळा कायदा करून नुकसानभरपाईची तरतूद केली. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न न्यायासनापुढे इतका अवघड ठरला. धक्क्यावर उभ्या असलेल्या बंबवाल्याने तो एका तासात कसा सोडवावा?

अशा अनुभवांतून जगाने हळूहळू एक भाषा तयार केली. धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी १९५६ साली प्रसिद्ध झाल्या. आज शुद्ध अमोनियम नायट्रेटला १९४२ हा क्रमांक आहे. तो सालाचा नव्हे, पदार्थाचा क्रमांक आहे. त्याच्यासोबत पिवळ्या चौकोनात वर्तुळावरची ज्वाळा काढलेली असते. तिचा अर्थ, हा पदार्थ दुसऱ्याच्या आगीला बळ देतो. आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अशा मालाच्या गाडीवर माहितीचा फलक लावणे आणि चालकाच्या खोलीत आपत्कालीन सूचनांचे पत्रक ठेवणे बंधनकारक केले. माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला आणि वाहतूकदाराने चालकाला सर्व माहिती द्यावी, अशी ही साखळी आहे. शुद्ध अमोनियम नायट्रेट आणि त्याचे ४५ टक्क्यांहून अधिक प्रमाण असलेली मिश्रणे २०११ साली स्फोटकांच्या कायद्याखाली आणली गेली आणि २०१२ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम झाले. त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरास आहे.

नियम झाले म्हणजे इतिहास संपला, असे मात्र नव्हे. २०१३ साली ‘ऱ्होसस’ नावाचे एक जुनाट जहाज २,७५० टन अमोनियम नायट्रेट घेऊन जॉर्जियातील बातुमीहून मोझांबिककडे निघाले आणि वाटेत लेबाननमधील बैरूतच्या बंदरात अडकले. २०१४ साली माल उतरवून १२ क्रमांकाच्या गोदामात ठेवण्यात आला. येथे तर पदार्थाचे नाव सर्वांना ठाऊक होते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी २०१४ ते २०१७ या काळात न्यायालयाकडे एकामागून एक पत्रे धाडली. माल परत पाठवावा, लष्कराला द्यावा किंवा विकून टाकावा, असे त्यांनी सुचवले. पत्रे गेली, माल जागीच राहिला. ४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी गोदामाला आग लागली. अग्निशामक दलाची दहा माणसांची तुकडी निघाली, ती नेहमीच्या आगीला निघावे तशी. आत काय आहे हे तिला सांगितले गेले नव्हते. सहा वाजून गेल्यावर काही मिनिटांतच झालेल्या स्फोटात ती सर्व माणसे गेली. त्यांच्यासह दोनशेहून अधिक नागरिक मरण पावले आणि सुमारे तीन लाख लोक बेघर झाले.

सरकारी नोकरीत कागदांच्या सहवासात बरीच वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या प्रकरणातील ती पत्रेच अधिक अस्वस्थ करतात. पत्र लिहिले, त्याची नोंद झाली, पोच मिळाली, की आपले काम झाले असे आम्हां लोकांना वाटू लागते. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या परीने निर्दोष असतो आणि गोदाम तसेच भरलेले राहते. आपल्याकडेही २०१५ साली चेन्नईच्या सीमाशुल्क खात्याने जप्त केलेले सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट मणली येथील कंटेनरच्या आवारात पाच वर्षे पडून होते. बैरूतची बातमी आली आणि त्याच ऑगस्ट महिन्यात ते हैदराबादकडे रवाना झाले. जे पाच वर्षांत झाले नाही ते काही दिवसांत होऊ शकते, एवढे यावरून सिद्ध झाले. आपल्या सुदैवाने ते वेळेत सिद्ध झाले.

तेव्हा या रसायनापासून बचाव कसा करावा, याचे उत्तर कठीण नाही. साठा थंड, हवेशीर व न जळणाऱ्या जमिनीच्या कोठारात असावा. तेल, भुसा, गंधक, धातूंची भुकटी त्याच्या आसपास नसावी. सांडलेला माल पुन्हा पोत्यात भरू नये आणि तो टिपण्यासाठी लाकडाचा भुसा वापरू नये. लहान आगीवर दुरून भरपूर पाणी मारावे. आग मालापर्यंत पोचली असेल तर ती विझवण्याचा मोह सोडून सर्वांना दूर, निदान आठशे मीटर, हलवावे. तांबूस धुरात थांबू नये. तो छातीत गेला तर त्याचा परिणाम कित्येक तासांनीही दिसतो, म्हणून बरे वाटत असले तरी दवाखान्यात जावे. आणि अशा अपघाताची वर्दी देताना ‘आग लागली आहे’ एवढेच न सांगता, फलकावरचा क्रमांक वाचून सांगावा.

हे सारे ज्ञान प्रयोगशाळेत आहे, कायद्याच्या पुस्तकात आहे, नागपूरच्या कचेरीत आहे. ओपाउपासून बैरूतपर्यंतचा इतिहास इतकेच विचारतो की, ते ट्रकच्या चालकापाशी आहे काय, गोदामाच्या रखवालदारापाशी आहे काय, रात्री दोन वाजता घंटा ऐकून बंबावर चढणाऱ्या त्या तरुणापाशी आहे काय? तो तेथे आपल्यासाठी जात असतो. आत काय आहे, हे त्याला दारापाशी पोचण्याआधी सांगणे एवढे तरी आपल्याकडे लागते.