मोजणीत नसलेली सायकल: गणेशखिंड ते संगमेश्वर

आजचा एपिसोड सुचला तो गणपतीला संगमेश्वरला घरी गेलो होतो तेव्हा. माझी चुलत बहीण देवरुखला कॉलेजला जाते. कसब्यातून आधी संगमेश्वरच्या स्टँडवर यायचं आणि तिथून एसटी पकडायची. मधलं अंतर असं आहे की चालायला जास्त आणि रिक्षाला कमी. ती म्हणाली, "मी सायकल घेऊ काय?" काकी लगेच म्हणाली, "हायवेवर सायकल नको गो बाय. पैसे जमले की स्कूटी घेऊ."

विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला. त्याच हायवेवर स्कूटी चालते आणि सायकल चालत नाही, हे आपण इतकं सहज कधीपासून मानायला लागलो? उत्तर शोधायला मी एक रस्ता निवडला. पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी ज्यावर रोज अडकतो, तो गणेशखिंड रस्ता. विद्यापीठाकडे जाणारा.

सुरुवात करू १८९७ पासून. आज जिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, तिथे तेव्हा गव्हर्नरचा बंगला होता. २२ जूनच्या रात्री तिथे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाल्याचा समारंभ झाला. तो संपवून रँड परत निघाला आणि चापेकर बंधूंनी त्याला याच रस्त्यावर गाठलं. हा प्रसंग आपण सगळे शाळेत शिकलोय. मी आज बघतोय तो रस्त्याकडे. रस्त्यावर काय होतं? घोडागाड्या. रस्ता कोणासाठी होता? साहेबाच्या बंगल्यावर जाणाऱ्या पाहुण्यांसाठी.

मग १९४९ साली त्याच बंगल्यात पुणे विद्यापीठ सुरू झालं. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. रस्ता तोच राहिला, पण त्यावरची माणसं बदलली. विद्यार्थी, प्राध्यापक, कारकून, शिपाई यायला लागले, आणि त्यांतले कितीतरी सायकलवर. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं. सायकलला बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस धरायचा, डबलसीटला दंड व्हायचा. गंमत वाटते ना? पण याचा अर्थ बघा. सरकारच्या नजरेत सायकल हे एक वाहन होतं. तिची नोंद होती, तिला नियम होते.

आता एक गोष्ट सांगतो जी वाचून मी स्वतः थक्क झालो. सायकल ट्रॅक कसा बांधायचा, याची अधिकृत पद्धत भारतात १९६२ सालीच लिहून झाली होती. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. तिचं अकराव्या क्रमांकाचं मानक सायकल ट्रॅकबद्दल आहे. ट्रॅकची रुंदी किमान दोन मीटर हवी, असं १९६२ च्या त्या मानकात होतं. वेगळा ट्रॅक कधी द्यायचा? तर गर्दीच्या तासाला इतक्या सायकली आणि इतक्या मोटारी जात असतील तर. रस्त्यावर मोटारी तासाला दोनशेच्या वर असतील, तर शंभर सायकलीसुद्धा पुरेत.

नियम ऐकायला शहाणपणाचा आहे. पण मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला त्यात लगेच बग दिसला. नियम मोजतो कोणाला? आज रस्त्यावर असलेल्या सायकलींना. पण रस्ता धोक्याचा झाला की आधी मुलं सायकल सोडतात, मग मुली, मग म्हातारी माणसं. मोजायला जाल तेव्हा सायकली वीसच सापडतात. मग कागदावर लिहिलं जातं की इथे ट्रॅकची गरज नाही. ट्रॅक नाही म्हणून उरलेले वीसही जातात. भीती जितकी जास्त, तितकी गरज कमी दिसते!

पुण्यात साधारण हेच झालं. १९७२ साली बजाजची चेतक आली. कारखाना शेजारीच, आकुर्डीला. मध्यमवर्गाच्या घरात स्कूटर येत गेली, आणि त्यात वाईट काही नव्हतं. ज्यांनी गणेशखिंडीचा चढ रोज पायाने मारला, त्यांना इंजिन हवंसं वाटणारच. पण रस्ते त्या इंजिनाच्या मापाने रुंद होत गेले आणि सायकल कडेला, गटाराच्या जाळीवर ढकलली गेली.

नेमकं त्याच काळात दूर नेदरलँड्समध्ये काय चाललं होतं बघा. ते लोक जन्मजात सायकलवाले, असा आपला समज आहे. तसं नाही. तिथेही मोटारी वाढल्या होत्या आणि सायकली घटत होत्या. १९७१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. एका पत्रकाराची मुलगी शाळेला जाताना गाडीखाली गेली. त्याने लेख लिहिला, 'मुलांचे खून थांबवा', आणि त्याच नावाने चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. १९७३ मध्ये तेलसंकट आलं, पेट्रोल वाचवायला मोटारीविना रविवार पाळले गेले, आणि लोकांना रिकामा रस्ता बघायला मिळाला.

पण त्यांनाही पहिल्या फटक्यात जमलं नाही, बरं का. सत्तरच्या दशकात हेग आणि टिलबर्ग या शहरांत एकेक झकास सायकल मार्ग बांधला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, शहरात मात्र फारसा फरक पडला नाही. मग डेल्फ्ट या विद्यापीठाच्या गावाने वेगळं केलं. एक शोभेचा मार्ग न बांधता, तुटलेले तुकडे जोडले. गल्ली, पूल, चौक, सगळं मिळून एक जाळं. तिथे सायकली खरंच वाढल्या.

आता परत पुण्यात. २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांच्या सुमारास पुण्यात बीआरटीसोबत सायकल ट्रॅकही झाले. पण ट्रॅक मध्येच संपायचा, समोर झाड नाहीतर डीपी, पुढे पार्किंग. विद्यापीठ चौकात उड्डाणपूल झाला, तो २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. मधल्या काळात, डिसेंबर २०१७ मध्ये, विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली आल्या. मोबाईलवर कुलूप उघडा, चालवा, सोडा. त्याच महिन्यात आठशेहून जास्त किलोमीटरच्या सायकल जाळ्याचा आराखडा महापालिकेत मंजूर झाला.

त्या भाड्याच्या सायकली काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. तोडफोड, चोरी अशी कारणं सांगितली गेली आणि ती खोटी नाहीत. पण मला दिसतं ते फाटक. आत वडाची सावली, गाड्यांचा वेग कमी, सायकल मजेत चालते. फाटकाबाहेर पडलात की थेट चौक. मार्ग किती सुरक्षित, हे त्यातला सगळ्यात वाईट चौक ठरवतो. तीन किलोमीटर उत्तम ट्रॅक असेल आणि दोनशे मीटर जीव मुठीत धरायचा असेल, तर आई त्या दोनशे मीटरकडे बघूनच नाही म्हणणार. आणि तिचं बरोबर असतं.

म्हणूनच मला आमच्या संगमेश्वराची काळजी वाटते. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण आपण किती वर्षं बघतोय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आरवली ते कांटे हा टप्पा आमच्या दारातून जातो. रस्ता रुंद झाला की वेग वाढणार. गाडीचा वेग तीसचा साठ झाला तर धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. शास्त्री नदीचा पूल, स्टँडसमोरचं वळण, शाळा-कॉलेजच्या पोरांची रस्ता ओलांडायची जागा, यांचं काय करायचं ते आत्ताच ठरतं. काँक्रीट वाळल्यावर दोन मीटर मागायला गेलात, तर गणेशखिंडीसारखी पन्नास वर्षं जातात.

म्हणून माझी एकच मागणी आहे. सायकली मोजू नका, घरं मोजा. कॉलेजला जाणारी किती पोरं पाच किलोमीटरच्या आत राहतात आणि त्यांतली किती सायकल मागून गप्प बसली, ते विचारा. ग्रामसभेत हा आकडा मांडायला खर्च येत नाही. एक वही पुरते.

मी बहिणीला तेच सांगितलं. तिने वर्गातल्या मुलींना विचारायला सुरुवात केली आहे. तुम्हीही करा. घरापासून कॉलेजपर्यंतच्या वाटेत नेमकं कुठे सायकलवरून उतरावंसं वाटतं, ती एक जागा व्हॉइस नोटमध्ये सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये त्या जागा एकेक करून घेऊ. काळजी घ्या, भेटू.