वजनाचा काटा आणि शिंप्याची फीत

पूर्वी आमच्या ठाकुर्ली-डोंबिवलीच्या बाजूला स्टेशनांवर वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की दिवे लुकलुकत, खट् आवाज होई आणि जाड कागदाचे तिकीट बाहेर पडे. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस भविष्य. भविष्याला सारे हसत. वजनावर मात्र सर्वांचा विश्वास. मला विचाराल तर दोन्ही बाजू सारख्याच बेभरवशाच्या.

माझे थोरले काका रेल्वेत होते. हातपाय काटकुळे, पोटाचा गोळा तेवढा पुढे. यंत्राने त्यांना जन्मभर शाबासकीच दिली. साठी गाठण्यापूर्वी मधुमेहापायी त्यांचा पाय कापावा लागला. हे कोडे उलगडण्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची युक्ती बेल्जियमच्या केतले या पंडिताची, १८३२ च्या सुमाराची. त्याला रोग हुडकायचे नव्हते. सरासरी माणूस कसा असतो, एवढेच पाहायचे होते. १९७२ साली अमेरिकेतील ॲन्सेल कीज यांनी त्या भागाकाराला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले आणि तो जगभरच्या दवाखान्यांत जाऊन बसला. परंतु चरबी किती नि कोठे, हे तो सांगत नाही. धडाच्या वरच्या भागातली चरबी मधुमेहाला जवळची, असे मार्सेयचे डॉक्टर झाँ वाग यांनी १९४७ सालीच म्हटले होते. १९७१ साली लंडनमध्ये सीटी स्कॅनने पहिला रोगी तपासला गेला. पुढे १९८३ साली ओसाकाच्या डॉक्टरांनी बेंबीच्या पातळीवरच्या एकाच चित्रात कातडीखालची चरबी वेगळी आणि आतड्यांभोवतीची वेगळी मोजून दाखविली. घातक ती ही आतली.

आता पुण्यास येऊ. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही इंडेक्स २२.३. क्ष-किरणांच्या यंत्राने पाहिले तर युडकिनांच्या अंगी चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापताना त्यांनी गमतीने नमूद केले, की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक रोज सकाळी लिफ्टचे दार मिटण्याआधी धावतात. (आमची लोकलमागची धाव याच जातीची.)

पण सारा दोष आळसाचा नव्हे. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांची बाळे यांची मापे घेतली. तेथले नवजात बाळ सरासरी २.७ किलोचे, इंग्लंडातील साउदॅम्प्टनचे ३.५ किलोचे. आपले बाळ सर्वच मापांत लहान, स्नायूंनीही कमी. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. किडकिडीत देहातला हा साठा जन्माबरोबरच येतो.

म्हणून २००५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह संघाने कंबरेची मर्यादा युरोपीय पुरुषाला ९४ सेंटिमीटर, तर आपल्याकडच्या पुरुषाला ९० ठरविली, स्त्रियांना ८०. फितीला आतली चरबी नि बाहेरची यांतला भेद कळत नाही, हे खरे. पण ती घरोघरी असते. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता ती गुंडाळावी. पॅन्टच्या नंबरावर जाऊ नये. पोटाखाली पट्टा बांधणाऱ्याचा नंबर तीस वर्षे बदलत नाही.