अळी सरावत नाही

"अळी औषधाला सरावली" असे आपण सहज बोलून जातो. तंबाखू खाणारा तंबाखूला सरावतो, तशी. पण अळीचे तसे नसते. विष बाधले ती अळी मेली. तिला सरावायला सवड कुठली?

मग होते काय? खळ्यावर आपण टपोरी कणसे बी म्हणून राखतो. तेच बी पुढे पेरतो. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात कबुतरे पाळणाऱ्यांची अशीच निवड आधी सांगितली, आणि मग दाखवले की निवडायला माणूसच हवा असे नाही. थंडी, दुष्काळ, रोगराई हेही निवडतात. जो तगला, त्याची प्रजा वाढली. फवाराही तेच करतो. हजारो अळ्यांत एखादी जन्मतःच विष पचवणारी असते. बाकीच्या गेल्या की सारे रान तिच्याच लेकरांना मोकळे. अमेरिकेतल्या मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ सालीच हे लिहून ठेवले होते. तिथल्या फळबागांत चुना-गंधकाच्या फवाऱ्याला खवलेकीड दाद देईनाशी झाली होती.

मी इतिहास शिकवणारा. अळीचा कसला इतिहास, असे कोणी म्हणेल. पण तो आपल्याच शिवारात घडला आहे.

बीटी कपाशीला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे अळीमारक विष या झाडातच तयार होते. २००६ साली दोन विषांचे वाण आले. काही वर्षे बोंडअळी जणू नाहीशीच झाली. पण २०१० साली गुजरातेतल्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या विषाला पुरून उरल्याचे जाहीर झाले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंड फोडावे तर आत अळी आणि हाती कवडी कापूस, अशी गत झाली.

हे टाळण्याची तजवीज बियाण्याच्या पाकिटातच होती. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साध्या कपाशीचे बी मिळे. ते शेताच्या कडेने लावायचे. त्या साध्या झाडांवर विष न पचवणाऱ्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या मोजक्या पतंगांशी जुगले, की बहुतेक पिलावळ पुन्हा बीटी झाडावर मरते. पण बहुतेक ठिकाणी ते बी पेरलेच गेले नाही. शेतकऱ्याला तरी दोष कसा द्यावा? अळीसाठी म्हणून कपाशी लावा, हे कारण उलगडून सांगितल्याशिवाय कोणाला पटेल? हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. तिच्यासाठी अशी साधी झाडे आपसूकच असतात. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. त्यात पाण्याच्या जोरावर फरदड ठेवली, म्हणजे तिचे उन्हाळ्यापर्यंत भागले.

अमेरिकेतल्या अॅरिझोनात बीटी कपाशी १९९६ पासून आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे राखले. २००६ पासून त्या पट्ट्यांऐवजी वांझ केलेले पतंग विमानांतून शेतांवर सोडले. विष पचवणारा एखादा पतंग उरला, तरी त्याला जोडीदार वांझच मिळे. २०१८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने आपला कापूस-प्रदेश गुलाबी अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.